तळ्याची ओटी

जयसिंगरावांनी लष्कराच्या लिलावात एक जुनी गाडी घेतली आणि तिचं घर केलं. दोन्ही अंगांना बाकं, ती ओढली की पलंग व्हायचे. मागं स्टोव्हला जागा, पाण्याचं पिंप, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. लढाईच्या दिवसांत ती जखमी शिपाई वाहायची. दारावरचा लाल क्रूस त्यांनी हिरव्या रंगानं झाकला होता, पण ऊन तिरपं पडलं की तो खालून डोकवायचाच. आमच्या चिकपेटेतल्या गल्लीत ती गाडी पहिल्यांदा आली तेव्हा कापडाची गिऱ्हाइकं दुकानात सोडून माणसं तिच्याभोवती गोळा झाली.

"बंगला आहे बंगला! फिरता बंगला!" जयसिंगराव छाती फुगवून सांगत होते. ते आमच्या यजमानांचे शाळेपासूनचे मित्र. इमारतींची कंत्राटं घ्यायचे, आवाज असा की पलीकडच्या पेटेत ऐकू जावा. मनात मात्र काही ठेवता यायचं नाही बिचाऱ्यांना. पुढं जे झालं त्यात हाच एक गुण माझ्या कामी आला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ह्या गाडीतून हेब्बाळच्या तळ्यावर जायचं ठरलं. दोन दिवस राहायचं, रात्री गाडीतच झोपायचं. सगळं ठरवलं माझ्या नवऱ्यानं, श्रीधररावांनी. मी तर ऐकून थक्कच झाले. ज्या माणसानं लग्नाला सात वर्षं झाली तरी मला लालबाग सोडून काही दाखवलं नव्हतं, त्याला एकाएकी तळं कुठून सुचलं? पण मी शंका घेतली नाही. गेला महिनाभर मला खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला होता आणि यजमानांनी घरी येऊन सांगितलं होतं, "काही नाही, स्वल्प कफ आहे. मोकळी हवा हवी." तळ्यावर मोकळी हवा असते. मला पुरेसं होतं.

आणि मला खरं सुख वेगळ्याच गोष्टीचं होतं. खोकला सुरू झाल्यापासून माझी चार वर्षांची वारिजा रात्री माझ्याजवळ झोपत नव्हती. "पोरीची झोप मोडते," म्हणून अत्तेंनी तिला आपल्या अंथरुणात घेतलं होतं. आम्ही सासूला अत्ते म्हणतो, कानडी माणसांसारखं. माझं ताट, माझं भांडंही त्यांनी वेगळं केलं होतं. "उष्णतेचं औषध चालू आहे ना, पथ्य पाळावं," म्हणायच्या. अत्ते, म्हणजे तुंगाबाई, आमच्या गोतातलं चालतंबोलतं शास्त्र. त्यांनी सांगितलेलं पथ्य कुणी मोडत नसे, मग मी कोण? पण गाडीत पलंग दोनच. एकावर अत्ते, एकावर मी. पुरुष बाहेर झोपणार. मग वारू कुठं झोपेल? मी आठवडाभर त्याच हिशेबात होते आणि प्रत्येक वेळी उत्तर माझ्या बाजूचं येत होतं. शेवटी न राहवून विचारलंच, "अत्ते, तिथं वारू माझ्याजवळ झोपू दे ना?"

"बघू," त्या म्हणाल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे बहुधा 'नाही' असायचं, पण त्या दिवशी आवाज मऊ होता. म्हणून मी ते 'हो' धरलं.

बळ्ळारी रस्त्याला लागलो की तेव्हा गाव मागं पडायचं. रागीची कापलेली शेतं, द्राक्षांचे मांडव, मग एकदम डाव्या हाताला पाणी. एवढं पाणी मी पहिल्यांदाच बघितलं. काठावर एक दांडगं जांभळाचं झाड होतं, जयसिंगरावांनी त्याच्याखाली गाडी लावली. वारू उडी मारून उतरली आणि पाण्यातल्या पाणकोंबड्यांना हाका मारत सुटली. मी जाजम पसरलं. थंडी होती, ऊन गोड होतं, आणि मला सकाळपासून खोकल्याची एकही उबळ आली नव्हती. मला वाटलं, हवेचा गुण. एवढ्यात गुण.

जेवणाला केळीची पानं होती. चित्रान्न, डाळीचे अंबोडे, कोशिंबीर, दहीभात. सगळ्यांना पानं, त्यामुळं माझं वेगळं ताट नाही. महिन्यानंतर मी चारचौघांसारखी जेवले. त्यात मला किती आनंद झाला हे आता सांगायलाही लाज वाटते, पण झाला. श्रीधररावांनी स्वतःच्या हातानं माझ्या पानात अंबोडा वाढला. "घे, तुला आवडतो." सात वर्षांत त्यांना मला काय आवडतं हे ठाऊक आहे, याचा पत्ता मला तेव्हा लागला.

जेवणानंतर कॉफी करायची म्हणून मी साखर शोधत होते. बाकाखाली पितळी डबा दिसला, तो उघडला. आत साखर नव्हती. हिरवा इरकली काठाचा खण होता, नारळ होता, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी होती. ओटीचं सगळं साहित्य.

"अत्ते, हे कशाला आणलं?"

त्या स्टोव्हला पंप मारत होत्या, तो हात थांबला. मग परत चालू झाला.

"तळ्याची ओटी भरायची आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा आलो ना इथं. सगळं पाणी गंगाच."

मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. माझ्या आजोळी नवं पाणी बघितलं की बायका अशीच ओटी भरायच्या. आणि अत्तेंची ओटीवरची निष्ठा तर गोतात गाजलेली. आमच्या उंबऱ्यावरून एकही सुवासीण त्यांनी कधी रिकाम्या ओटीनं जाऊ दिली नाही. एकदा बोहारीण जुने कपडे नेऊन दाराबाहेर पडली, तिला हाक मारून परत बोलावली होती. त्या म्हणायच्या, "ओटी भरून गेली ती परत येते. रिकाम्या ओटीनं जाते ती टाकलेली." हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

"मग आत्ताच भरू या का?"

"निघताना," अत्ते म्हणाल्या. "ठेव तो डबा जागेवर."

ठेवला. साखर दुसऱ्या डब्यात सापडली.

कॉफी झाल्यावर अत्ते झाडाखाली आडव्या झाल्या. जयसिंगरावांनी कोळशानं एका फरशीवर चौकाबाराचा पट काढला, कवड्या त्यांच्याकडं गाडीत असायच्याच. ते, मी, यजमान आणि वारू असे चौघं बसलो. वारूला खेळ कळत नव्हता, ती नुसत्या कवड्या फेकायची आणि जयसिंगराव दर वेळी "चौका!" म्हणून ओरडायचे. त्यांनी तिला चक्क राणी करून टाकलं. यजमान हसत होते. माझी सोंगटी त्यांना मारता येत होती, तरी मारली नाही. मी म्हटलं, "अहो, मारा की! खेळात कसली दया?" तर त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "असू दे."

त्या दिवशी ते माझ्याशी फार चांगले वागले. तिथंच मला कळायला हवं होतं. शितावरून भाताची परीक्षा करणारी मी, पण पुढ्यात सबंध भात शिजत होता तो दिसला नाही.

खेळ संपला. पुरुष गाडीचं काहीतरी बघायला उठले. वारू माझ्या पदराला लोंबकळली. "आई, तळ्याची ओटी कधी?"

"उद्या, निघताना."

"उद्या कशाला? आत्ता."

मी अत्तेंकडं बघितलं. तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे, काठावरचे दगड शेवाळलेले. उद्या निघायच्या घाईत ह्यांना खाली कोण उतरवणार? आणि खरं सांगायचं तर मलाच ते करायचं होतं. महिनाभर मला देवघराला शिवू दिलं नव्हतं, दिव्याला वात घालू दिली नव्हती. तळ्याला काही माझ्या पथ्याची बाधा नव्हती. अत्ते उठल्या की म्हणतील, "शहाणी गं बाई," असं मी मनाशी धरून चालले. कौतुकाची हाव वाईट असते.

मी आणि वारू खाली गेलो. पाण्याला हळदकुंकू वाहिलं. वारूच्या मुठीनं तांदूळ सोडले, सुपारी, हळकुंड सोडलं. मग खण, मग नारळ. खण फुगून पाण्यावर पसरला. नारळ डुबुक्कन आत गेला आणि पुन्हा वर आला.

"तळं परत देतंय!" वारू टाळ्या पिटत म्हणाली.

"देऊ दे. आपण घ्यायचा नाही. गंगेला दिलेलं परत घेत नाहीत."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

आम्ही वर आलो. सावल्या लांबायला लागल्या होत्या. अत्ते उठून, तोंड धुऊन, नीट कुंकू लावून बसल्या होत्या. पितळी डबा त्यांच्या मांडीवर उघडा होता.

"ह्यातलं कुठाय?"

"भरली तळ्याची ओटी," मी हसून म्हटलं. "वारूच्या हातानं. तुमचे गुडघे दुखतात, म्हटलं कशाला..."

"कुणी सांगितलं होतं तुला?" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पाण्यावरच्या पाणकोंबड्या उडाल्या. "आता हिला पाठवू कशी? श्रीधर! अरे श्रीधर!"

मी कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "कुणाला पाठवायचं?"

उत्तर अत्तेंनी दिलं नाही. ते दिलं जयसिंगरावांनी, आणि तेही नकळत. ते गाडीच्या टपावर चढून ताडपत्री सोडत होते. तिच्याखालून त्यांनी माझी लग्नातली पत्र्याची पेटी काढली आणि वरूनच विचारलं, "वहिनी, ही आतच ठेवू ना? दवाखान्यात दिवेलागणीच्या आत पोचायला हवं. नंतर फाटक उघडत नाहीत म्हणे."

पेटी बघितली, नवऱ्याकडं बघितलं. नवरा तळ्याकडं बघत होता.

"कुठला दवाखाना?"

आता जयसिंगराव खाली उतरले. "अहो, पुढं टेकडीवरचा. क्षयाचा." एकदा माझ्याकडं, एकदा मित्राकडं बघितलं. "श्रीधरा, वहिनींना माहीत नाही? तू तर मला म्हणालास त्या तयार आहेत. म्हणालास जाण्याआधी एक दिवस पोरीबरोबर घालवायचाय त्यांना!"

"सांगणारच होतो," श्रीधरराव तळ्याला म्हणाले.

क्षय. तो शब्द माझ्याभोवती महिनाभर फिरत होता आणि मी त्याला कफ म्हणत होते. वेगळं ताट, वेगळं भांडं, वेगळं अंथरूण. सगळं एकदम समोर आलं. धाकट्या नणंदेचं, कमळाक्षीचं, लग्न धारवाडला जुळत आलं होतं. क्षयाची सून घरात आहे हे कळलं असतं तर ते लोक ताटावरून उठले असते. माझा खोकला सुंठीनं जाणार नव्हता, म्हणून तो सुंठीवाचून घालवायचं ठरलं होतं. गल्लीत कुणाला दिसू नये, कुणी विचारू नये, मी रडून गोंधळ घालू नये, म्हणून सहल. म्हणून अंबोडा. म्हणून न मारलेली सोंगटी.

मला राग आला. आजाराचा नाही. मला सांगितलं असतं तर मी माझ्या पायांनी गेले असते, अशी काही मी अडाणी नव्हते. पण गाईला खाटकाकडं नेताना पुढं पेंडी धरतात तसं मला नेलं, आणि मी ती पेंडी चवीनं खाल्ली, ह्याचा राग आला. मी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तुम्ही पुरुष आहात का," एवढं आठवतं. मग खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथंच राहिलं.

जयसिंगरावांनी गाडी चालू करायचं लोखंडी हँडल गवतात भिरकावलं. "माझी गाडी हलायची नाही! फसवून माणसं न्यायला घेतली नाही मी ही गाडी." ते अत्तेंकडं वळले. "अक्का, तुम्हीसुद्धा?"

 रिकामा डबा तसाच अत्तेंच्या मांडीवर होता.

मी खोकत खाली बसले होते. वारू घाबरून माझ्या कुशीत शिरली, तिचं नाक वाहत होतं. तिनं माझा पदर ओढला आणि नेहमीसारखं त्याला नाकतोंड पुसलं. त्याच पदरात मी आत्ता खोकले होते. मी पदर हिसकून घेतला. तिला वाटलं मी रागावले. ती रडायला लागली, आणि मी तिला जवळ घेऊ शकले नाही.

तिथं माझा निर्णय झाला.

"जयसिंगराव, हँडल उचला," मी म्हटलं. "मी जाते. बरी होऊन येते."

"वहिनी..."

"उचला म्हणते ना."

मी गाडीकडं निघाले तर अत्ते आडव्या आल्या. दोन्ही हात पसरून. "अशी नाही जायची! रिकाम्या ओटीनं नाही!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला फसवताना आलं नव्हतं ते आता आलं. "श्रीधर, बघ काहीतरी. नारळ तरी बघ!"

नारळ काठाजवळच होता. वाऱ्यानं त्याला परत आणून लव्हाळ्यात अडकवलं होतं, खणही त्याच्याशेजारी. श्रीधररावांनी धोतर वर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. मी बघत राहिले. ह्या माणसाला पावसात दुकानाची पायरी उतरताना छत्री धरावी लागायची. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत चिखलात गेला, दोनदा घसरला. नारळ आणि खण छातीशी धरून परत आला. माझ्यासाठी त्यानं जन्मात एवढे कष्ट घेतले नव्हते.

वारूचं रडणं थांबलं होतं. "अज्जी, तो तळ्याचा आहे," ती म्हणाली. "गंगेला दिलेलं परत घेत नाहीत."

अत्तेंनी नारळाकडं बघितलं. आयुष्यभराचं शास्त्र एका बाजूला, मला संध्याकाळच्या आत घालवणं दुसऱ्या बाजूला. फार वेळ लागला नाही. त्यांनी नारळ पदरानं पुसला.

"गंगा कसली? हेब्बाळचं तळं हे," त्या म्हणाल्या. "धुतलं की झालं. धर पदर."

नको म्हणावं असं मनात आलं होतं. ती ओली वस्तू पुन्हा पाण्यात फेकून, मान ताठ ठेवून गाडीत चढावं. पण ओटी भरून गेली ती परत येते, हे मीही मानत होते. त्यांच्यासाठी नाही, वारूसाठी मानत होते. परत यायचा एक तरी धागा हातात हवा होता, तो ओला तर ओला.

"भरा," मी पदर पसरला. "पण नीट भरा. कुंकू लावा. आणि ये म्हणा."

त्यांनी कुंकू लावलं. बरोबरच्या शिध्यातले तांदूळ घातले, पिळलेला खण ठेवला, नारळ ठेवला. पदरातून पाणी माझ्या पोटावर, पोटावरून पायांवर उतरलं. थंडगार.

"ये म्हणा, अत्ते."

"बरी होऊन ये," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

सगळ्यांनी ऐकलं. जयसिंगरावांनी ऐकलं, नवऱ्यानं ऐकलं, वारूनं ऐकलं.

वारूला आणि अत्तेंना झाडाखाली जाजमावर सोडून गाडी निघाली. "येते हं," मी दारातून म्हटलं. वारू म्हणाली, "रात्री माझ्याजवळ झोपणार ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? यजमान पुढं जयसिंगरावांशेजारी बसले. मी मागं, एकटी, जिथं शिपायांना निजवायचे त्या बाकावर.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण दवाखान्यातले दिवस एकसारखेच असतात. इंजेक्शनं, गोळ्या, दूध, ऊन, पुन्हा इंजेक्शनं. श्रीधरराव तीनचारदा आले, खिडकीबाहेर उभे राहिले. वारूला त्यांनी एकदाही आणलं नाही. कमळाक्षीचं लग्न झाल्यावर तेही यायचे बंद झाले. ओटीतला नारळ मी उशाशी ठेवला होता. दुसरं वर्ष लागलं तसं त्याचं पाणी आटलं आणि हलवला की आत गोटा खुडखुड वाजायला लागला. शेजारच्या खाटेवरची चंद्राबाई म्हणायची, "फोड की, खाऊ." मी म्हणायचे, घरी जाऊन देवापुढं फोडायचा आहे.

एके दिवशी डॉक्टर म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात, आता कुणाला काही होणार नाही. तसं लिहूनही दिलं. घरी कळवलं, उत्तर आलं नाही. मग जयसिंगरावांना कळवलं. ते त्याच गाडीनं आले. वाटेत हेब्बाळचं तळं लागलं तेव्हा त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

चिकपेटेत गाडी थांबली. मी नारळ पदराखाली धरून तीन पायऱ्या चढले. दार अत्तेंनी उघडलं आणि उंबऱ्यावर हात आडवा धरला.

"कमळाक्षी बाळंतपणाला आली आहे," त्या म्हणाल्या. "घरात तान्हं मूल आहे."

"मी बरी झाले, अत्ते. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

त्यांनी कागदाकडं बघितलं नाही. आत श्रीधरराव झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा हलायचा थांबला, ते उठले नाहीत.

"तुम्ही ये म्हणाला होता," मी म्हटलं. "ओटी भरून पाठवलं होतं मला."

"तुझी ओटी?" अत्ते म्हणाल्या. इतक्या शांतपणे की ते वाक्य त्यांनी पुष्कळ दिवस तयार ठेवलं असावं. "ती तळ्याची होती. तूच तर भरलीस. दिलेलं परत घेता येतं का कुठं? तुझी ओटी भरलीच नव्हती. तू ह्या घरातून रिकामी गेलीस."

दुपारी ती तळ्याची होती. संध्याकाळी माझी झाली. आता पुन्हा तळ्याची. 

एवढ्यात त्यांच्या हाताखालून वारूनं डोकं काढलं. उंच झाली होती, दोन वेण्या होत्या. माझ्या तोंडाकडं तिनं परक्यासारखं बघितलं. मग तिची नजर पदराखाली गेली.

"तळ्याचा नारळ!" ती म्हणाली.

मी मागचापुढचा विचार केला नाही. तिथंच, त्यांच्या दगडी पायरीवर, नारळ आपटला. दोन भकलं झाली. एवढे दिवस गेले होते, पाण्यातून काढलेला होता, मला वाटलं आत कुजला असेल. खोबरं पांढरंशुभ्र होतं. मी एक तुकडा काढून वारूपुढं धरला. तिनं तो घेतला आणि लगेच तोंडात घातला.

"थुंक!" अत्ते ओरडल्या. "थुंक आधी! तिच्या हातचं!" त्यांनी वारूला मागं ओढलं, गाल दाबले आणि तोंडात बोट घालून तुकडा काढायला बघू लागल्या.

वारू माझ्याकडं बघत होती. तिनं दात घट्ट आवळून धरले होते.